बर्फाच्या गांवचें मीठ

मीठ हा कांहीं प्रवासवर्णनाचा विषय नव्हे, असें आमच्या वाचकांस प्रथमदर्शनीं वाटेल. परदेशीं जाऊन आलेल्या माणसानें तेथील गगनचुंबी इमारती, ग्रंथालयें आणि पदार्थसंग्रहालयें यांविषयीं लिहावें, हा आजवरचा प्रघात आहे. तो मोडण्याचा आमचा मुळींच विचार नव्हता. परंतु अमेरिकेंतील मिनियापोलिस शहरीं सहा महिने राहून परत आल्यावर इष्टमित्रांनीं ‘तिकडे विशेष काय पाहिलें?’ असें विचारलें कीं आमच्या तोंडीं पहिला शब्द येतो तो ‘मीठ’ हाच. त्याचें कारण असें कीं या मिठापायीं आमच्या हातून एक चूक घडली, आणि ती उमगेपर्यंत हिवाळा संपून गेला होता.

चिरंजीव नोकरीनिमित्त तिकडे असतात. आम्ही उभयतां नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्याहून त्यांच्याकडे गेलों. मिनेसोटा हें संस्थान दहा हजार सरोवरांचा मुलूख म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षांत दहा एकरांहून मोठीं अशीं सरोवरें तेथें ११,८४२ मोजलेलीं आहेत. तेथील मूळ रहिवासी जे डकोटा लोक, त्यांच्या भाषेंत ‘म्नी’ म्हणजे पाणी. त्याला ग्रीक भाषेंतील ‘पोलिस’ म्हणजे नगर हा शब्द जोडून मिनियापोलिस हें नांव झालें. असें हें पाण्याचें नगर! परंतु जानेवारी उजाडला तेव्हां वाहतें पाणी म्हणून कोठें दृष्टीस पडेना. त्या महिन्याचें तेथील सरासरी उष्णतामानच मुळीं शून्याखालीं सुमारें ९ अंश सेंटिग्रेड असतें. सरोवरांवर लोक बिनदिक्कत हिंडत होते, बर्फाला भोंक पाडून मासे धरीत बसले होते. आणि आपल्याकडे दारापुढें रांगोळी असावी, तशी तेथें दारोदार मिठाची एकेक गोणी ठेवलेली होती.

ही गोणी कशासाठीं, हें आम्हांस डिसेंबरांतल्या एका सकाळीं कळलें. आदल्या दिवशीं ऊन पडून छपरावरचें हिम वितळलें होतें व तें पाणी पायऱ्यांवर ओघळून रात्रींतून पुन्हां गोठलें होतें. असा बर्फ कांचेसारखा पारदर्शक असतो. खालची पायरी स्वच्छ दिसते, आणि ती कोरडी आहे असें वाटून माणूस निर्धास्तपणें पाऊल टाकतो. सौ. नीं तसेंच टाकलें. मनगटाचें हाड मोडलें व सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें राहिला.

त्या दिवसापासून आम्हीं मिठाशीं अतिसख्य जोडलें. सकाळीं उठावें, अंगावर चार कपडे चढवावे, आणि ओंजळी भरभरून पायऱ्यांवर व पुढच्या फरसबंदीवर मीठ ओतावें, हा आमचा नित्यक्रम झाला. चिरंजीव एकदोनदां म्हणाले, ‘बाबा, इतकें लागत नाहीं.’ आम्हीं लक्ष दिलें नाहीं. पायरी पांढरी दिसली म्हणजे आमचें चित्त स्वस्थ होई. पांच आठवड्यांत १८ किलोंच्या चार गोण्या संपल्या.

शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांचें सारें आयुष्य रस्त्यांवरील हिम लोटणारी व मीठ पसरणारी गाडी चालविण्यांत गेलें होतें. एके दिवशीं कुंपणापाशीं उभे राहून त्यांनीं आमचा उद्योग थोडा वेळ पाहिला आणि हंसत विचारलें, ‘आपण पायऱ्यांचें लोणचें घालतां आहां कीं काय?’ आम्हीं सौ. च्या हाताची हकीकत सांगितली. ते गंभीर झाले. म्हणाले, ‘मग तर आपण मीठ समजून घेतलेंच पाहिजे. आज पारा कोठें आहे हें पाहिलेंत का? आजच्या थंडींत हें मीठ म्हणजे नुसते खडे आहेत.’

त्यांचें म्हणणें आम्हांस प्रथम पटेना. मिठानें बर्फ वितळतो, एवढें आमच्या पिढीच्या प्रत्येक माणसास ठाऊक आहे. आमच्या लहानपणीं उन्हाळ्याच्या सुटींत आईस्क्रीमचा लांकडी पॉट माळ्यावरून निघे. मधल्या डब्यांत आटविलेलें दूध, भोंवतीं बर्फाचे तुकडे आणि त्यांवर जाडें मीठ. आम्ही मुलें पाळीपाळीनें दांडा फिरवीत असूं. भोंवतालचा बर्फ मिठामुळें वितळे, परंतु वितळण्यास लागणारी उष्णता तो दुधांतून ओढून घेई. म्हणून बाहेर बर्फाचें पाणी होई आणि आंत दुधाचा बर्फ. रस्त्यावरही हेंच घडतें. बर्फाच्या पृष्ठभागीं पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. त्यांत मीठ विरघळलें कीं खारें पाणी तयार होतें, आणि खारें पाणी शून्य अंशावर गोठत नाहीं. तें शेजारच्या बर्फाला वितळवीत खालीं उतरतें.

परंतु पॉटचा खेळ वैशाखांत चाले, हें आम्ही विसरलों होतों. तेथें उष्णतेला तोटा नव्हता. मिनेसोटाच्या माघांत ती आणावयाची कोठून? साध्या मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदु जास्तींत जास्त शून्याखालीं २१ अंशांपर्यंत उतरतो, आणि तोही पाण्यांत मिठाचें प्रमाण शेंकडा २३.३ असेल तरच. व्यवहारांत शून्याखालीं ९ अंशांच्या सुमारास त्याचा जोर संपूं लागतो. एक किलो मीठ शून्याखालीं १ अंशावर ४६ किलो बर्फ वितळवूं शकतें. तेंच ७ अंशांवर ९ किलोंहून कमी, १२ अंशांवर सुमारें ५ किलो, आणि १८ अंशांवर ४ किलोसुद्धां नाहीं. म्हणजे मीठ तेंच, गोणी तीच. थंडी वाढली कीं त्याचें काम बाराव्या हिश्शावर येतें.

या १८ अंशांची एक मौज आहे. अमेरिकेंत अद्यापि फॅरनहाइटचें माप चालतें व त्याचें शून्य म्हणजे आपले शून्याखालचे जवळजवळ १८ अंश. फॅरनहाइटनें १७२४ सालीं आपलें माप प्रसिद्ध केलें, तेव्हां बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणावरून त्यानें हें शून्य ठरविलें होतें. कल्हईवाल्याच्या पेटींतला नवसागर हाही एक क्षारच. तेव्हां त्या देशींचे लोक रोज सकाळीं जो आंकडा पाहून कोट निवडतात, त्याच्या मुळाशीं क्षार आणि बर्फच आहेत!

आमची दहा वर्षांची नात हें सारें कान टवकारून ऐकत होती. तिनें ठरविलें कीं आपण स्वतःच परीक्षा घ्यावयाची. दुकानांत नाना तऱ्हेच्या पिशव्या मिळतात. प्रत्येकीवर आपलेंच मीठ सर्वश्रेष्ठ असल्याचा डांगोरा. त्यांतून आम्हीं खाणींतील साधें मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड आणि युरिया आणला. वाळू शेजाऱ्यांनीं दिली. नातीच्या हट्टाखातर स्वयंपाकघरांतील साखरही घेतली. घरापुढील फरसबंदीचे सहा चौकोन मुकर करून स्वयंपाकाच्या तराजूवर सारखें वजन तोललें व एकेका चौकोनावर एकेक जिन्नस पसरला.

पहिल्या दिवशीं उष्णतामान शून्याखालीं ४ अंश होतें. कॅल्शियम क्लोराइडानें कांहीं मिनिटांतच बर्फाला भोंकें पाडलीं. साधें मीठ सावकाश कामाला लागलें, पण दुपारपर्यंत त्यानें कॅल्शियमास गांठलें. मॅग्नेशियम क्लोराइड दोहोंच्या मध्यें. युरियाखालीं बर्फ थोडासा ओलसर झाला. साखरेचा चौकोन चिकट झाला, एवढेंच. वाळूनें कांहींच वितळविलें नाहीं. मात्र तीवरून चालतांना पाय घसरला नाहीं.

साधें मीठ इतकें पुढें कसें आलें, याचें उत्तर शाळेंतल्या रसायनशास्त्रांत आहे. गोठणबिंदु किती खालीं जावा, हें पाण्यांत किती कण सुटे झाले यावर मुख्यतः अवलंबून असतें. मिठाच्या एका रेणूचे पाण्यांत दोन भाग होतात, कॅल्शियम क्लोराइडाचे तीन, साखरेचा मात्र एकच राहतो. तीन हा आंकडा दोहोंहून मोठा खरा. परंतु कॅल्शियम क्लोराइडाचा रेणु वजनानें जवळजवळ दुप्पट जड आहे. म्हणून सारख्या वजनांत साध्या मिठाचे कणच सुमारें सव्वापट भरतात. युरियाच्या ते दुप्पट आणि साखरेच्या जवळजवळ बारापट. सौम्य थंडींत स्वस्त मीठ महागाला हार जात नाहीं, तें यामुळें.

दुसरी परीक्षा आठवड्यानंतर, पारा शून्याखालीं २० अंशांवर असतां घेतली. या वेळीं चित्र पालटलें. साधें मीठ संध्याकाळपर्यंत जसेंच्या तसें पडून होतें. शेजाऱ्यांनीं म्हटल्याप्रमाणें नुसते खडे. युरिया व साखर यांविषयीं बोलावयासच नको. मॅग्नेशियमनें थोडीं छिद्रें पाडलीं. कॅल्शियम क्लोराइड मात्र तेवढ्या थंडींतही झिरपत राहिलें. त्याचें द्रावण शून्याखालीं ५० अंशांच्या आसपासपर्यंत पातळ राहूं शकतें. शिवाय साधें मीठ विरघळतांना थोडी उष्णता घेतें, तर हें विरघळतांना उष्णता देतें. ओल्या तळहातावर दोन दाणे ठेवले तर चटका जाणवतो. हवेंतली ओल ओढण्याची त्याला इतकी हांव कीं उघडी राहिलेली पिशवी चार दिवसांत लगदा होते. पण किंमत साध्या मिठाच्या कित्येक पट. आणि वाळू? ती दोन्ही दिवशीं सारखीच. तिला थंडी-ऊन समान. स्थितप्रज्ञाचीं लक्षणें आम्हांस त्या दिवशीं वाळूंत दिसलीं.

‘मग सर्वत्र कॅल्शियमच कां टाकीत नाहींत?’ नातीनें विचारलें. शेजाऱ्यांनीं बोटें मोजलीं. क्लोराइड कोणतेंही असो, तें लोखंडाला गंज चढवितें. मोटारीची तळपाटी आणि पुलांच्या पोटांतील सळया दोन्ही खातें. मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे क्षार सिमेंटालाही बाधतात. विमानतळाच्या धांवपट्टीवर क्लोराइड चालतच नाहीं, कारण विमानाचें शरीर पोखरलें जाईल. तेथें पोटॅशियम ॲसिटेटासारखे क्षार वापरतात. ते महाग असून पाण्यांत गेल्यावर कुजतांना तेथील प्राणवायु खर्ची घालतात. युरियापासून अमोनिया होतो. सारांश, निर्दोष असा एकही क्षार नाहीं.

तरी साध्या मिठावांचून त्या देशाचें चालत नाहीं, हेंही आम्हीं पाहिलें. रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रयोग अमेरिकेंत न्यू हॅम्पशायर संस्थानानें १९३८ सालीं प्रथम केला, आणि पुढें तो देशभर पसरला. डेट्रॉइट शहराच्या खालीं सुमारें ११६० फुटांवर मिठाची प्रचंड खाण आहे. वर मोटारींचें शहर आणि खालीं मिठाचे रस्ते! आमच्या सूनबाई रुग्णालयांत काम करतात व पहांटे पांचला घरून निघतात. रात्रभर हिम पडत असे त्या दिवशीं सौ. अंथरुणावर उठून बसत. मग कोपऱ्यावरून मिठाच्या गाडीचा पिंवळा दिवा फिरत गेला कीं पुन्हां आडव्या होत. त्या दिव्याचे उपकार आम्ही विसरणार नाहीं.

ही गाडी चालविण्यांतही विद्या आहे. तेथील चालकांना कमी मिठांत काम कसें साधावें, याचें सरकारी शिक्षण मिळतें. हिम पडण्याच्या आधींच रस्त्यावर शेंकडा २३.३ चें खारें पाणी रेघांनीं शिंपडलें, तर बर्फ रस्त्याला चिकटत नाहीं व मागाहून खरवडणें सोपें जातें. चिकटलेला बर्फ सोडविण्यास त्याहून पुष्कळ अधिक मीठ खर्चावें लागतें. कोरडे खडे उडून गटारांत जातात, म्हणून ते ओले करून टाकतात. कोठें कोठें त्यांत बीटची मळी मिसळतात. आपल्याकडे उंसाच्या कारखान्यांत मळी निघते, तशीच ही. शेजारच्या विस्कॉन्सिन संस्थानांत चीजच्या कारखान्यांतील खारें पाणीही या कामीं लावलेलें आहे.

एप्रिलांत बर्फ गेला. आमच्या दारापुढील हिरवळ सर्वत्र हिरवी होऊं लागली. फक्त फरसबंदीच्या दोन्ही कडांना हातभर रुंदीचा करपलेला पट्टा तसाच राहिला. तो कशानें करपला, हें कोणीं सांगावें लागलें नाहीं.

त्याच सुमारास शेजारी आम्हांस मिनेहाहा धबधबा दाखविण्यास घेऊन गेले. या नांवांतही तेंच ‘म्नी’ आहे, पाणी. लाँगफेलो कवीच्या १८५५ सालच्या ‘हायावाथा’ काव्यामुळें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. त्रेपन्न फुटांवरून पडणारा तो ओढा हिवाळ्यांत निळसर बर्फाचा पडदा होऊन लटकत होता. आतां तो खळाळत मिसिसिपीकडे चालला होता. आम्हीं त्याच्या निर्मळपणाची तारीफ केली. शेजारी म्हणाले, ‘निर्मळ दिसतो खरा, पण याचें नांव क्लोराइडानें दूषित पाण्यांच्या सरकारी यादींत आहे. शहरांतलें पावडरहॉर्न सरोवर आणि ब्राउनी सरोवरही त्याच यादींत.’

मग त्यांनीं जें सांगितलें तें ऐकून आमची मान खालीं गेली. त्या जुळ्या शहरांच्या परिसरांत वर्षाकाठीं सुमारें साडेतीन लाख टन मीठ पडतें. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनीं हिशेब केला तेव्हां त्यांतलें शेंकडा सत्तर किंवा त्याहूनही अधिक मीठ नदीवाटे बाहेर न जातां तेथल्याच मातींत, विहिरींत व सरोवरांत राहतें असें आढळलें. खारें पाणी जड म्हणून तळाशीं बसतें, वसंतांत वरचें व खालचें पाणी मिसळण्यास अडथळा करतें, आणि मग खोल पाण्याला प्राणवायु पोंचत नाहीं. पालापाचोळा कुजतो, मीठ कुजत नाहीं. सरोवरांतून तें परत काढण्याचा स्वस्त उपाय नाहीं. चहाचा एक चमचा मीठ पांच गॅलन, म्हणजे सुमारें १९ लिटर, पाणी जलचरांस अपायकारक करण्यास पुरतें.

घरीं परततांना आम्ही मनांत गणित करीत होतों. चार गोण्या म्हणजे ७२ किलो. चमच्यास सहा ग्रॅम धरले तर बारा हजार चमचे. सव्वादोन लाख लिटरांहून अधिक पाणी! ज्या पुणेकरांनीं १९६१ सालीं धरण फुटल्यावर एकेका हंड्यासाठीं पायपीट केली, त्यांच्यांतल्याच एकानें पाण्याच्या नगरांत जाऊन हें करून ठेवलें होतें. आणि त्यांतले बहुतेक दिवस पारा इतका खालीं होता कीं त्या मिठानें बर्फही वितळविलेला नव्हता.

सौ. ना हें आधींच साधलें होतें, असें मागें वळून पाहतां लक्षांत येतें. जानेवारीच्या अखेरीस त्यांचा हात मोकळा झाला, तेव्हां त्यांनीं मिठाचें काम आमच्या हातून काढून घेतलें होतें. आधीं आमच्याकडून फावड्यानें व खरवडणीनें बर्फ काढवून घेत. मग पारा पाहत. फार उतरलेला असला तर वाळू. नाहींतर कॉफीच्या पेल्यांत मीठ घेऊन, वीस फूट वाटेला एक पेला या मानानें, चिमटीतून दाणा दाणा सोडीत जात. दोन दाण्यांत तीन बोटांचें अंतर. चाळीस वर्षें उंबऱ्यावर रांगोळी काढलेली ती चिमूट. तिला भसाभस ओतणें ठाऊकच नव्हतें. त्यानंतर त्या घरीं कोणी घसरलें नाहीं.

तेव्हां कोणतें मीठ उत्तम, या प्रश्नाचें आमचें उत्तर असें. सौम्य थंडींत साधें मीठ, कडक थंडींत बेताचें कॅल्शियम क्लोराइड, त्याहून कडक असेल तेव्हां वाळू, आणि सर्वांच्या आधीं फावडें. पिशवीवरचा आंकडा मीठ किती खालीं काम करतें तें सांगतो. काम झाल्यावर तें कोठें जातें, हें पिशवीवर लिहिलेलें नसतें. आपल्या उरण-पेणच्या मिठागरांतलें मीठ समुद्रांतून येतें व वाहून गेलें तर समुद्रासच मिळतें. तेथें तसें नाहीं. खाल्ल्या मिठाला जागावें, हें आपण लहानपणींच शिकतों. टाकल्या मिठालाही जागावें लागतें, हें आम्हांस साठी उलटल्यावर एका परक्या गांवीं शिकावें लागलें.

मे महिन्यांत आम्ही परत निघालों तेव्हां दाराशीं पांचवी गोणी उभी होती. फेब्रुवारींत ती उघडली होती. अर्धीअधिक शिल्लक होती.